यमूचे गाऱ्हाणे आणि हिंगण्याचे उत्तर

दुःखाचे पुस्तक कोवळ्या वयाच्या मुलामुलींच्या हाती द्यावे की देऊ नये, हा वाद जुना आहे आणि प्रत्येक पिढीला तो नव्याने घालावा लागतो. एका पक्षाचे म्हणणे असे की, चौदा ते अठरा हे वय संस्कारक्षम असते. या वयात वाचलेले मनावर कायमचे उमटते. म्हणून मुलांना उमेद देणारे, हसविणारे, साहसाची गोडी लावणारे वाङ्मय द्यावे आणि मृत्यू, अत्याचार, अवहेलना यांची ओळख होईल तितकी उशिरा करून द्यावी. दुसरा पक्ष म्हणतो की, ज्या मुलांच्या वाट्याला दुःख आधीच आलेले आहे, त्यांच्यापासून दुःखाचे पुस्तक लपविण्यात काय हशील? या वादात शिक्षक बोलतात, पालक बोलतात, क्वचित लेखकही बोलतात. ज्यांच्या हाती ते पुस्तक पडावयाचे, त्या विद्यार्थ्यांचे मत मात्र फारसे कोणी विचारीत नाही. कर्वेनगरात राहून मराठी वाङ्मयाचा अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी या नात्याने ते मत येथे मांडण्याचे मी योजिले आहे.

त्यासाठी मी जी कादंबरी निवडली आहे ती आजची नाही. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात त्यांच्याच ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिला ‘कुमारवाङ्मय’ म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही. ती सामाजिक कादंबरी म्हणून ओळखली जाते, पाठ्यक्रमात ‘मराठी कादंबरीचा विकास’ या सदराखाली अभ्यासली जाते आणि परीक्षा संपली की विसरली जाते. परंतु तिची निवेदक यमू ही कथेच्या आरंभी एक लहानगी मुलगी आहे. तिचे लग्न होते तेव्हाही ती मुलगीच आहे, आणि तिच्यावर अखेरचा घाला पडतो तेव्हाही ती, आजच्या हिशेबाने, महाविद्यालयात जाण्याच्या वयाची आहे. एका मुलीने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली आघाताची कहाणी, असे या कादंबरीचे वर्णन केले तर ते वावगे ठरू नये. शिवाय ‘करमणूक’ हे पत्र घरातल्या साऱ्या माणसांनी मिळून वाचावे अशा हेतूने निघाले होते. त्या काळी नुकत्याच लिहूवाचू लागलेल्या सुनांच्या आणि लेकींच्या हाती ते पडत असणार, हे उघड आहे.

आघाताआधीचे हसू

या कादंबरीचे वैशिष्ट्य कशात आहे? पुष्कळांना तिची आठवण केशवपनाच्या प्रसंगामुळे असते. पती रघुनाथराव यांच्या निधनानंतर यमूच्या इच्छेविरुद्ध तिचे केस काढविले जातात, आणि त्यामागे शंकरमामंजी या सोवळ्याचा आव आणणाऱ्या गृहस्थाचा हात असतो. हा प्रसंग वाचकाला हादरवून सोडतो, यात शंका नाही. परंतु तो येतो पुष्कळ उशिरा. त्यापूर्वी शेकडो पाने एक चौकस, बडबडी, हसरी मुलगी आपल्याशी बोलत असते. माहेर, आजी, दादा, मैत्रीण दुर्गी, सासरचे पहिले दिवस, मुंबईतल्या बिऱ्हाडात पतीच्या सहवासात लाभलेले मोकळे आयुष्य, हे सारे ती इतक्या तपशिलाने सांगते की, वाचणारी मुलगी तिची मैत्रीणच होऊन जाते. मग घाला पडतो तो एका मैत्रिणीवर. ‘विधवा’ नावाच्या कोणा अनोळखी, दयनीय व्यक्तीवर तो पडत नाही.

मला वाटते, आघाताविषयी लिहिणाऱ्या लेखकांना हरिभाऊंनी घालून दिलेला हा मोठा धडा आहे. ज्याचे काय हरपले हे आपल्याला ठाऊक नाही, त्याच्या दुःखाने आपण फार तर हळहळतो. यमूचे काय हरपले हे आपण तिच्यासोबत राहून पाहिलेले असते. केस ही त्यातली सर्वांत लहान गोष्ट आहे. तिचा बोलका स्वभाव, शिकण्याची हौस, पतीशी बरोबरीने बोलण्याची सवय आणि आपण कोणीतरी आहोत ही जाणीव तिच्याकडून हिरावली जाते.

दुसरी गोष्ट अशी की, हा घाला घरातच पडतो. तो घालणारे परके नसतात आणि बहुतेकजण दुष्टही नसतात. शंकरमामंजी वगळले तर कादंबरीतील माणसे आपापल्या परीने बरी आहेत. कोणाला लोकलज्जेचे भय आहे, कोणाला धर्माचे, कोणाला केवळ कटकट नको आहे. मात्र यमूच्या बाजूने वेळेवर उभे राहण्याइतके बळ त्यांच्यापाशी नाही. घरातल्या जाचाचे स्वरूप बहुधा असेच असते. एकजण तो करतो, चारजण पाहतात आणि बाकीचे आपण पाहिलेच नाही असे ठरवितात. कादंबरीच्या नावातला प्रश्न या बाकीच्यांना उद्देशून आहे.

‘ते सारे संपले’ म्हणणाऱ्यांस

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की, केशवपन केव्हाच बंद झाले. मग सव्वाशे वर्षांपूर्वीचे हे दुःख आजच्या मुलींनी कशासाठी उगाळावे? आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होत असतानाच, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला आणि ते वय दहावरून बारावर आले. एवढ्याशा सुधारणेवरून महाराष्ट्रात केवढे रण माजले होते हे इतिहासाच्या वाचकांस सांगणे नको. तेथून आपण पुष्कळ पुढे आलो, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु किती पुढे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेली होती. म्हणजे पाचांत एकीहून अधिक. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढून घेणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असे आवाहन केले. हेरवाडकरांचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच आहे. पण एकविसाव्या शतकाची बावीस वर्षे उलटल्यावर असा ठराव करण्याची गरज भासली, याचा अर्थ काय? यमूचा वस्तरा गेला, पण ज्या क्षणी दुःखाने बाई कोलमडलेली असते त्याच क्षणी चारचौघांत तिच्या अंगावरची एकेक खूण उतरवून घेण्याची वृत्ती गेलेली नाही. तेव्हा ही कादंबरी संपलेल्या काळाची आहे, हा समज दूर ठेवलेलाच बरा.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. तो असा की, इतके दुःख कोवळ्या मनाला सोसवणार नाही. हा प्रश्न आपल्याकडेच पडतो असेही नाही. अमेरिकेत लॉरी हॉल्स अँडरसन यांची ‘स्पीक’ ही कुमारांसाठी लिहिलेली कादंबरी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची नायिका मेलिंडा ही हायस्कूलच्या पहिल्या वर्षातली मुलगी. तिच्यावर अत्याचार झालेला आहे, तो ती कोणाला सांगू शकलेली नाही, आणि हळूहळू तिचे बोलणेच बंद पडत चालले आहे. हे पुस्तक तेथे अनेक शाळांतून शिकविले जाते, आणि ते मुलांच्या हाती देऊ नये अशी मागणीही तेथे वारंवार झालेली आहे. म्हणजे सागरापलीकडेही पालकांची चिंता तीच आहे.

ही चिंता मला खोटी वाटत नाही, अपुरी वाटते. साठ मुलामुलींच्या कोणत्याही वर्गात एखादी तरी मुलगी, एखादा तरी मुलगा असा असतो की, ज्याला पुस्तकातल्या दुःखाची ओळख पुस्तकाने करून द्यावी लागत नाही. घरात मृत्यू झालेला असतो, बापाचे व्यसन असते, नात्यातल्या कोणाचा नकोसा स्पर्श असतो, दहावीनंतर लग्न उरकण्याची बोलणी चालू असतात. अशा मुलीपासून आपण पुस्तक दूर ठेवतो तेव्हा दुःख तिच्यापासून दूर राहत नाही, दूर राहतो तो केवळ ते बोलून दाखविण्याचा मार्ग. उरलेल्या एकोणसाठांनाही अशा वाचनाची गरज आहे. कारण पुढेमागे कोणाच्या तरी घरात पाहणाऱ्या चारजणांपैकी एक होण्याची पाळी त्यांच्यावर येणार आहे.

यमूला उत्तर मिळाले नाही

असे असले तरी, या कादंबरीविषयी माझी एक तक्रार आहे, आणि ती हरिभाऊंच्या थोरवीला बाध न आणता मांडता येईल असे मला वाटते. कादंबरीच्या शेवटी यमू उरत नाही. मेलिंडाच्या कहाणीचा शेवट ती पुन्हा बोलू लागते तेथे होतो. यमू आपले गाऱ्हाणे सांगते आणि जाते. हरिभाऊंना समाजाची झोप मोडावयाची होती आणि त्यासाठी यमूचा मृत्यू त्यांना आवश्यक वाटला असावा. सुधारणेच्या बाजूने लोकमत वळविण्याच्या कामी त्याचा उपयोगही झाला असेल. परंतु ज्या मुलीवर स्वतःवरच आघात झाला आहे तिने हे पुस्तक मिटताना काय समजावे? जिच्यावर असा घाला पडतो तिला मरणावाचून गती नाही, असेच ना? वडीलधाऱ्या वाचकाला यमूचा मृत्यू जाब विचारतो. आघात सोसलेल्या कुमारवयीन वाचकाला मात्र तो वाटच बंद झाल्याची भावना देऊ शकतो.

येथेच कर्वेनगराचा संबंध येतो. ज्या १८९३ साली यमूची कहाणी पूर्ण झाली, त्याच वर्षी, ११ मार्च रोजी, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. गोदूबाई बालपणीच विधवा झाल्या होत्या, आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाच्या त्या आरंभीच्या विद्यार्थिनी होत्या. पुढे १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर, हिंगणे बुद्रुक येथे, रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या जागेत नेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून हा माणूस चिखलातून, अंधारातून पायी हिंगण्याला जात असे. ते हिंगणे म्हणजेच आजचे कर्वेनगर. जेथे झोपडीत विधवांची शाळा भरत होती तेथे आज बालवाडीपासून पदवीपर्यंतच्या शिक्षणसंस्था आहेत, आणि १९९१ पासून मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. येथल्या रस्त्यांवरून सायंकाळी घोळक्याने जाणाऱ्या मुलींपैकी कितीजणींना हे ठाऊक असेल, याविषयी मात्र मला शंका आहे.

हिंगण्याला ज्या आल्या त्या यमूच होत्या. फरक एवढाच की त्या मेल्या नाहीत. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण घ्या. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी लहान मुलगा, केशवपन झालेले. वयाची पंचविशी उलटल्यावर त्या पाटी घेऊन बसल्या. पुढे आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या, निधीसाठी गावोगाव हिंडल्या, आणि १९१८ मध्ये इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेला गेल्या. तेथे लोकांच्या घरी पडेल ते काम करून त्यांनी दिवस काढले. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ मध्ये आणि बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. ही दोन पुस्तके यमूच्या कादंबरीचा उत्तरार्ध आहेत असे मी म्हणते. आघातानंतरचे आयुष्य कसे असते ते त्यांत दिसते. ते सोपे नाही. त्यात अपमान आहे, चिडचिड आहे, पैशांची ओढाताण आहे, नव्याने शिकताना येणारा संकोच आहे. पण त्यात विनोदही आहे, आणि स्वतःच्या मताने निर्णय घेणारी बाई आहे.

उत्तरही परिपूर्ण नव्हते

हिंगण्याचे गुणगान करताना त्याच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. मुलींना खऱ्या गोष्टी द्यावयाच्या तर सगळ्याच दिल्या पाहिजेत. आश्रमाला लोकाश्रय मिळावा म्हणून कर्व्यांनी त्याचे काम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून कटाक्षाने वेगळे ठेवले. त्यामुळे खुद्द संस्थापकाच्या पत्नीला, ती पुनर्विवाहित म्हणून, त्या संस्थेपासून अंतरावर राहावे लागले. ज्या विधवेच्या पुनर्वसनाने या कामाची नांदी झाली तिलाच त्यात मोकळा प्रवेश असू नये, ही विसंगती आहे. कर्व्यांवर तेव्हाच्या समाजाचे केवढे दडपण होते हे ओळखूनही ती विसंगतीच राहते.

तसेच कादंबरीचे आणि आश्रमाचे आरंभीचे जग हे मुख्यतः उच्चवर्णीयांचे जग होते. केशवपनाची चाल मुख्यत्वे त्यांच्यातली, म्हणून ते समजण्यासारखे आहे. परंतु त्या घरांतील विधवांची दखल त्या जगाबाहेरच्या माणसांनी कितीतरी आधी घेतली होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते १८६३ मध्ये, म्हणजे यमूच्या कहाणीच्या सत्तावीस वर्षे आधी. आणि अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, त्यांनी आपला म्हणून वाढविले. ‘लक्षात कोण घेतो?’ या प्रश्नाचे एक उत्तर तेव्हाही पुण्यातच होते. विद्यार्थ्यांसमोर कादंबरी ठेवताना हेही सांगितले गेले पाहिजे.

काय करावे?

माझी सूचना साधी आहे. कनिष्ठ महाविद्यालयाच्या पातळीवर ही कादंबरी उताऱ्यापुरती नेमू नये. केशवपनाचा प्रसंग तेवढा कापून पाठ्यपुस्तकात घातला की यमू पुन्हा अनोळखी, दयनीय व्यक्ती होते आणि हरिभाऊंनी तीनशे-चारशे पानांत उभे केलेले सारे वाया जाते. कादंबरी मोठी आहे, तिची भाषा आजच्या मुलांना जड वाटेल, हे खरे. म्हणून वर्गात काही भाग मोठ्याने वाचावेत, बाकीचे सवडीने वाचू द्यावेत. पण आरंभीची हसरी यमू वगळू नये. आणि तिच्या पाठोपाठ ‘माझी कहाणी’ अथवा ‘माझे पुराण’ यांपैकी एक तरी पुस्तक अवश्य वाचावयास द्यावे. जखम दाखविली तर जखमेनंतरचे जगणेही दाखविले पाहिजे.

दुसरी सूचना शिक्षकांसाठी आहे. असे पुस्तक वर्गात वाचले की केव्हातरी एखादी मुलगी तासानंतर मागे रेंगाळते. तिला काही सांगावयाचे असते. ‘यमूचे व्यक्तिचित्र रेखाटा’ या प्रश्नाचे उत्तर तिला नको असते. त्या वेळी शिक्षकाला घाई असता कामा नये. तिचे ऐकून घेणे, तिच्यावर विश्वास ठेवणे, हे गुपित केवळ आपल्यापाशी ठेवण्याचे वचन न देता पुढे कोणाची मदत घ्यावी लागेल हे तिला समजावून सांगणे, एवढे तरी त्याला यावयास हवे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळविण्याची जबाबदारी टाकतो. संकटातील बालकांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. वाङ्मयाच्या शिक्षकाने या गोष्टी माहीत करून घेतल्या तर त्याच्या रसिकतेला काही उणेपणा येणार नाही. ज्या शाळेत ऐकणारे कोणी नाही, त्या शाळेत यमूची कहाणी शिकविणे म्हणजे मुलीला बोलते करून दार लावून घेण्यासारखे आहे.

कोवळ्या मनांना दुःखाच्या पुस्तकांपासून जपावे असे म्हणणाऱ्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु मुलांना जपण्याची त्यांची इच्छा खरी असेल, तर पुस्तक काढून घेण्यापेक्षा ते पुस्तक वाचताना त्यांनी मुलांच्या शेजारी बसावे. त्यात वेळ जाईल, अवघड प्रश्न विचारले जातील आणि काही प्रश्नांना उत्तरे देता येणार नाहीत. हिंगण्याच्या झोपडीत जी पाटी-पेन्सिल यमूच्या बहिणींच्या हाती दिली गेली, तीही देणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना तितकीच अवघड गेली होती.